कोण हात लावणार, ते लिही

शकूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाला एका छापखान्यात उभी राहून पत्रकाचं प्रूफ वाचत होते. मागे मशीन धडधडत होतं, म्हणून एका कानात बोट घालून फोन घेतला. पलीकडे बाबा होते. "करुणा, शकू गेली," एवढंच म्हणाले. मी रडायला हवं होतं, निदान "कधी?" असं तरी विचारायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "कोनी हात लावला काय तिले?" बाबा म्हणाले, "नाई. आत तुही आईच हाय फक्त. मी दारात बसून राहिलो. तू वाटंत उईके सिस्टरले घेऊन ये." छापखान्याच्या मालकाने माझ्याकडे बघून विचारलं, "क्या हुआ बेटा?" त्याच्या हातात प्रूफ ठेवलं आणि आमच्या गावाची, कामठ्याची गाडी धरली. सव्वा महिना झाला त्याला. मेलेल्या माणसाला कुणी हात लावला का, हा प्रश्न मला आधी का सुचला, ते सांगायला हे लिहिते आहे.

शकुंतला माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्न झालं नाही, शाळा चौथीपर्यंत. आमच्या ओसरीत दाराच्या डाव्या अंगाला तिची जागा होती. तिथे मांडीवर सूप घेऊन ती बिड्या वळायची. तेंदूचं पान पत्र्याच्या साच्यावर ठेवायचं, कातरीने साच्याबरहुकूम कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोऱ्याने बांधायचं. गावातल्या बाया गप्पा मारत बिड्या वळतात. आत्या कातरीच्या तालावर बारीक आवाजात हूंहूं करत वळायची. पानं-तंबाखू वाटून तयार बिड्या नेणारा सट्टेदार इतरांच्या सुपातल्या वाकड्या बिड्या काढून फेकायचा, आत्याचं सूप मात्र न बघता उचलायचा. आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्या साली मी आठवीत होते आणि आत्या तिशीत. कलेक्टर जवळ आला म्हणून गावात पेढे वाटले गेले होते. आत्याने पेढा हुंगून परत दिला. "करुणा यशवंत मेश्राम, ह्याले केरोसिनचा वास हाय." खरंच होता. ती पोरासोरांना असंच शाळेच्या हजेरीतल्या नावाने हाक मारायची आणि जे असेल ते तोंडावर सांगायची. मला लोक फटकळ म्हणतात. तो गुण कुठल्या संघटनेत शिकले नाही, ओसरीत शिकले.

गाव तिला बह्याड, म्हणजे वेडी, म्हणायचं. कुकरची शिटी झाली की ती कान दाबून परसात पळायची, म्हणून आमच्या घरात कुकर आलाच नाही, आईने जन्मभर गंजात, म्हणजे पातेल्यातच, भात शिजवला. सणावाराला नवं लुगडं दिलं तर चार वेळा धुऊन मऊ झाल्याशिवाय अंगाला लावायची नाही. आणि न सांगता कुणी हात लावला की किंचाळायची. सांगून लावला तर चालायचं. पण सांगायची तसदी कोण घेतो! पाहुणी आलेली बाई दारातूनच "काय व शकू" करत पाठीवर थाप मारायची, आत्या किंचाळायची, आणि पाहुणी माझ्या आईला म्हणायची, "अजून सुदरली नाई काय व ही?" जणू काही सुधारायचं आत्यालाच होतं.

मी बारावीत असताना आत्याने जेवण टाकलं. स्वतःच्या गालावर बुक्क्या मारायला लागली. बिड्या वाकड्या व्हायला लागल्या. कुणी म्हटलं अंगात आलं, कुणी म्हटलं नजर लागली. आमचं घर छप्पन सालीच ह्या गोष्टींतून बाहेर पडलेलं. आजोबांनी देव्हाऱ्यातले देव स्वतःच्या हाताने पाण्यात सोडलेले. बाबा ठामपणे म्हणाले, डॉक्टरकडेच न्यायचं. शहरातल्या एका डॉक्टरने टेबलापलीकडूनच बघितलं आणि सांगितलं, "ये तो पागलपन का केस है भाऊ." झोपेच्या गोळ्या दिल्या. चार महिने आमची आत्या भिंतीला टेकून, तोंडातून लाळ गाळत पडून राहिली. तोंड उघडून बघावं असं त्या डॉक्टरला वाटलं नाही, आणि लाज वाटते लिहायला, आम्हालाही वाटलं नाही. एकदा तिला भात भरवताना माझ्या लक्षात आलं, ती घास एकाच बाजूला ढकलते. बॅटरी आणून बघितलं. दुसऱ्या बाजूची दाढ मुळापर्यंत किडून काळी झालेली.

दाढ काढली, पण कशी काढली ते सांगते. कुणी तिला काही सांगितलं नाही. खुर्चीत बसवलं आणि दोन कंपाउंडरांनी हात धरले, बाबांनी खांदे दाबले, पाय मी धरले. तिच्या टाचा माझ्या छातीवर आपटत होत्या. ती एकच ओरडत होती, "सांगा ना! सांगा ना!" आम्हाला वाटलं ती "सोडा ना" म्हणते आहे. आई तेव्हा दाराशी उभी होती, पुष्कळ वर्षांनी ती म्हणाली, नाही गं, "सांगा" म्हणत होती ती... त्यानंतर सात वर्षं आत्याने दवाखान्याच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. ताप आला, ओसरीत काढला. पायात काच घुसली, आईने कातरीच्या टोकाने काढली. आणि त्या दिवसापासून बाबांच्या हातून तिने पाण्याचा पेलासुद्धा घेतला नाही. ते पेला खाली ठेवायचे, दूर व्हायचे, मग ती उचलायची. माझ्याशी बोलायची, बाबांशीही बोलायची, पण पेला त्यांना खालीच ठेवावा लागायचा.

पुढे मी संघटनेत गेले. पत्रकं लिहायला शिकले. धान्य दुकानावर, पाणी मिळत नाही त्यावर, बिडी कामगार बायांच्या खोकल्यावर. नागपूरला एका शिबिरात पहिल्यांदा ऑटिझम हा शब्द कानावर आला. शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या आणि मला आमची ओसरी दिसत होती. ती शिटी, ते चार वेळा धुतलेलं लुगडं, ते हूंहूं. भिंतीवर लावलेल्या सगळ्या चित्रांत लहान मुलं होती. मी उभी राहून विचारलं, "हे लेकरू चाळीस वर्षांचं झालं की त्याचं काय?" बाई प्रामाणिक होत्या, म्हणाल्या, "त्याबद्दल आपल्याकडे फारसं काही नाही." गावी परतले ती पेटूनच. अपंगत्वाच्या दाखल्याच्या रांगेत आत्याचे कागद घेऊन उभी राहिले तर खिडकीतला माणूस म्हणतो, "वय काय? बेचाळीस? मग आता दाखला काढून काय फायदा?" मी त्याला विचारलं, "दात किडायला वयाची अट आहे का? बीपी वाढायला आहे?" त्याने खिडकी लावून घेतली. चूक त्या एकट्याची नाही म्हणा. पोर लहान असतं तोवर निदान कीव तरी करतात. मोठा माणूस ओरडला की त्याला आधी दोरी लावतात. त्याला कुठे दुखतं का, हा प्रश्न नंतर. पुष्कळदा कधीच नाही.

मी पत्रक लिहिलं. ठळक अक्षरात, उद्गारचिन्हांसकट. छापायच्या आधी ओसरीत बसून आत्याला वाचून दाखवलं. आरोग्य आमच्या हक्काचं, सन्मानाने उपचार मिळालेच पाहिजेत, वगैरे. तिने कातरी थांबवली नाही. संपल्यावर म्हणाली, "करुणा यशवंत मेश्राम, कोनता दिवस?"

"कशाचा दिवस, आत्या?"

"दवाखान्याचा. कोनता दिवस, किती वाजता, कोन हात लावन. हे त लिवलंच नाई तू."

मी शेकडो पत्रकं लिहिली आहेत. हजारोंच्या हातात गेली, निम्मी तरी भजी बांधायला गेली असतील. पण पत्रक कसं लिहायचं हे मला त्या दुपारी कळलं.

आमच्या उपकेंद्रात तेव्हा उईके सिस्टर नव्या आल्या होत्या. जंगलपट्टीतल्या गोंड घरातल्या, बोलायला माझ्याहून फटकळ. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाषन नको देऊ व मले. बुधवारी आठ वाजता आन, गर्दीच्या आंदी. ट्यूबलाइट मी बंद ठेवतो, ती मले भी चावते." मी बीपी तपासायच्या ओळी वहीच्या कागदावर लिहिल्या. बुधवार, आठ वाजता. आत्या बाकावर बसेल. उईके सिस्टर सांगतील आणि हात लावतील. दंडाला पट्टा बांधतील. मग घरी. आत्याने कागद चार दिवस सुपाखाली ठेवला, रोज वाचला आणि बुधवारी स्वतःहून चप्पल घातली. प्रत्येक ओळ झाली की त्या ओळीपाशी कागदाच्या कडेला कातरीने एक छोटी खाच पाडायची, ही तिची स्वतःची रीत. बाकावर बसली, खाच. सिस्टरांनी सांगून हात लावला, खाच. सिस्टरांनी पट्टा बांधला आणि हवा भरली... आणि आत्या किंचाळून उठली, पट्टा ओढत रस्त्यापर्यंत गेली. घरी येऊन कागद माझ्या अंगावर टाकला. "खोटं लिवलं."

"खोटं नाही आत्या, पट्टाच तर बांधला."

"दाबते ते लिवलं नाई. लिवलं नाई त खोटंच."

मी खाली मान घालून सिस्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, "तुह्या दंडाले कदी बांधला होता काय व?" नव्हता बांधला. मी निरोगी, तरणीताठी, जगाला आरोग्याचं शिकवायला निघालेली, आणि बीपीचं मशीन दाबतं हे मला माहीत नव्हतं. पुढच्या बुधवारी सिस्टर यंत्र घेऊन आमच्या ओसरीत आल्या आणि आत्यासमोर माझ्या दंडाला पट्टा बांधला. आत्या साक्षीदारासारखी बघत होती. मी सांगत गेले आणि तशीच लिहीत गेले. पट्टा फुगेल. हात दाबेल, जोरात. बोटांना मुंग्या येतील. वीस मोजेपर्यंत. मग फुस्स आवाज येऊन सुटेल. आत्याने विचारलं, "दुखते काय?" मी म्हटलं, थोडं. "मंग थोडं दुखते लिव." लिहिलं. त्याच्या पुढच्या बुधवारी ती वीस मोजत बसून राहिली. सिस्टरांना राहवलं नाही, हवा सुटायच्या आधीच म्हणाल्या, "झालं वो शकूबाई, पाड खाच." आत्याने मान हलवली. "झालं नाई अजून." फुस्स झाल्यावरच तिने कातरी उचलली. न झालेल्या गोष्टीला तिने कधी खाच पाडली नाही.

तिचं बीपी चांगलंच वाढलेलं निघालं. किती वर्षं वाढलेलं होतं कोण जाणे. गोळी सुरू झाली. गोळीचाही कागद झाला, चष्म्याचा झाला, रक्त तपासायचा झाला. चष्मा लागल्यावर पहिल्या दिवशी माझ्या आईकडे टक लावून म्हणाली, "वहिनी, तू म्हतारी झाली." आई इतकी हसली की भात लागला. दुपारचं डोकं दुखायचं थांबलं, झोप यायला लागली, संध्याकाळी तलावापर्यंत जाऊन येऊ लागली, ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या झाडाला वळसा घालून. दाढेच्या आधी ओसरीत जे हूंहूं ऐकू यायचं ते परत सुरू झालं. कुठल्याही अहवालात ह्याला रकाना नाही, पण आमच्या घरात तब्येत सुधारली म्हणजे हूंहूं सुरू झालं. सगळे कागद ओसरीतल्या एका तारेला टोचून ठेवलेले असायचे. एकदा कोहमाऱ्याहून एक माणूस विचारत आला. त्याचा थोरला भाऊ तिथल्या ढाब्यावर भांडी घासायचा, कुणाशी बोलत नव्हता, पाय सुजला होता आणि कुणाला बघू देत नव्हता. आत्याने तारेवरचा एक कागद काढून त्याच्यापुढे धरला, पण सोडला नाही. "लिवून घे. हा माहा हाय." त्याने तिथेच मांडी घालून लिहून घेतला.

मागच्या उन्हाळ्यात एक दिवस मी घरी आले तर आत्या कागद घेऊन उभी. ह्या वेळी कागद तिने स्वतः लिहिला होता. चौथीच्या अक्षरात एकच ओळ. "पोट. आतून दाबते. वीस मोजले. सुटत नाई." जन्मात पहिल्यांदा तिने आपणहून सांगितलं होतं की मला दुखतं. मी तो कागद घेऊन परसात जाऊन रडले... नागपूरला नेलं. त्यासाठीच्या नव्या कागदावर मी नऊ ओळी लिहिल्या होत्या, शेवटची ओळ "घरी". ती वाचल्याशिवाय आत्या गाडीत चढली नाही. तपासण्या झाल्या. कॅन्सर होता, यकृतापर्यंत गेलेला. डॉक्टर भले होते. ते म्हणाले, भरती करता येईल, नळ्या घालता येतील, थोडे दिवस वाढतील कदाचित, खात्री नाही. बाबा म्हणाले, "भरती करा." मी म्हटलं, "बाबा, कागदावर घरी लिवलं हाय."

"कागद गेला चुलीत! माह्या बहिणीले मी अशीच नेऊ काय वापस?"

"तिले विचारा ना मंग."

बाबा तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. आत्याने कागद त्यांच्याकडे वळवून धरला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. बाबांनी ती ओळ बराच वेळ वाचली, एकच शब्द होता तरी... मग पिशवी उचलली. दुखणं कमी करायचं औषध डॉक्टरांनी लिहून दिलं, ते कसं द्यायचं ते उईके सिस्टरांना फोनवर समजावलं. ओसरीत पाय ठेवल्यावर आत्याने आधी कातरी मागितली.

त्यानंतरचे दिवस आम्ही तिच्या जागेभोवतीच काढले. आवाज बंद, पाहुणे बंद, औषध वेळेवर. एका सकाळी ती म्हणाली, "करुणा यशवंत मेश्राम, आता मराचा कागद लिव." मी म्हटलं, "तो कसा लिहिणार आत्या?" ती म्हणाली, "कोनता दिवस?" माहीत नाही. "किती वाजता?" तेही माहीत नाही. "मंग तसं लिव." मी लिहिलं. दिवस माहीत नाही. वेळ माहीत नाही. मग तिने तिसरा प्रश्न विचारला, "कोन हात लावन?" मेल्यावर आंघोळ घालायला सगळ्या बाया येतात, हे तिने गावात पाहिलेलं होतं. दहा-बारा जणींचे हात, आणि सांगणार कुणी नाही. मी विचारलं, "तूच सांग, कोन लावन?" तिने तीन नावं सांगितली, ती मी तिसऱ्या ओळीत लिहिली. वहिनी. उईके सिस्टर. करुणा यशवंत मेश्राम. ज्या पोरीने खुर्चीवर तिचे पाय धरले होते तिचं नाव तिने घेतलं. बाबांचं घेतलं नाही. ते दारातच उभे होते, त्यांनी ऐकलं. तसेच तलावाकडे निघून गेले.

फोन आला त्या दिवशी मी आणि सिस्टर पोचलो तेव्हा ओसरीसमोर बाया जमल्या होत्या आणि बाबा खरंच उंबऱ्यावर बसलेले होते, हातात तो कागद. थोरली चुलतआजी तणतणत होती, "काऊन रे यशवंता, रक्ताच्या मानसायले दारात उभं करतं काय? अंगाले पानी घालाचं पुण्य कायले अडवतं?" बाबांनी कागद तिच्यापुढे धरला. "कागदावर नाव नाई काकू तुमचं." मग आवाज खाली आला. "माह्यंबी नाई."

चुलतआजी बाजूला सरकली. आम्ही दोघी आत गेलो, बाबांनी आमच्यामागे दार ओढून घेतलं. आई, सिस्टर आणि मी, तिघींनी तिला आंघोळ घातली. प्रत्येक वेळी आधी सांगितलं. आत्या, आता हात धुते. आत्या, आता पाठ. चार वेळा धुतलेलं मऊ पांढरं लुगडं नेसवलं. मग बाहेर वंदना झाली, आणि तिरडीला खांदा बाबांनी दिला. तिरडीला हात लावायला कागदाची हरकत नव्हती.

सगळं उरकल्यावर दुसऱ्या दिवशी मी ओसरीत तिच्या जागेशी बसले. सूप उलटं ठेवलेलं होतं, वर कातरी. बाबांनी तो कागद परत तारेला टोचला होता. मला वाटलं, शेवटची ओळ आपण पाळली, झाली ती गोष्ट, तर तिच्या वतीने खाच आपण पाडावी. कातरी घेतली, कागद काढला आणि उजेडात धरला. पहिल्या दोन ओळींची कड कोरी होती. तिसऱ्या ओळीपाशी, आमच्या तिघींच्या नावांसमोर, खाच आधीच पाडलेली होती. तिच्या हातची, तेंदूचं पान कापावं तशी सरळ.